आधी केसांतला क्लचर काढा, मग हेल्मेट बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, लायसन्स महिन्यापूर्वी हातात आलंय, १५५ सीसीची बाईक बुक केली आहे. रोज वारजे ते हिंजवडी, म्हणजे बायपासवरून ट्रकांच्या शेजारून. चष्मा आहे, केस लांब आहेत, स्कार्फ बांधायची सवय आहे. बजेट अडीच हजार. वडील म्हणतात, बाईकसोबत मिळेल तेच वापर. मैत्रीण म्हणते, परदेशी घे, आपल्याकडचं ते काही हेल्मेट नाही. आणि शेवटी विचारलंय, "कुठल्या कंपनीचं घेऊ?"

गेली सोळा वर्षं मी हेल्मेटं विकतोय. काउंटरवर येणारा पहिला प्रश्न नव्वद टक्के वेळा हाच असतो. मी मात्र आधी म्हणतो, केस सोडा, चष्मा काढा, टेप आणतो. कंपनीचा नंबर यात चौथा-पाचवा लागतो. डोक्यावर नीट न बसलेलं दहा हजारांचं हेल्मेट नीट बसलेल्या दोन हजारांच्या हेल्मेटपुढे हरतं. यात माझा धंद्याचा तोटाच आहे, पण आहे ते आहे.

दुकानात मी एक हेल्मेट करवतीने मधोमध कापून ठेवलंय. ते माझंच आहे. जुन्या कात्रज घाटात, वळणावर सांडलेल्या बारीक खडीवर, तीसच्या आसपासच्या वेगात पुढचं चाक निसटलं. ना समोर गाडी, ना मागे. हनुवटीपुढचा भाग खवणीवर घासावा तसा घासलाय. बाहेरच्या कवचाला उजव्या कानशिलावर एक साधा ओरखडा आहे, पण कापल्यावर त्याच्या बरोबर आत थर्माकोलला अंगठा बसेल एवढा खळगा दिसतो. गिऱ्हाइकांना मी त्यात अंगठा घालायला लावतो. त्यानंतर फारसं समजवावं लागत नाही.

हेल्मेट म्हणजे मुळात तो थर्माकोल. बाहेरचं कवच मार पसरवतं, टोकदार वस्तू आत येऊ देत नाही आणि रस्त्यावर घसरायला मदत करतं. आतला मऊ कापडी भाग मापासाठी आणि घामासाठी. जीव वाचवायचं काम मधला थर पिचून करतो. ढोबळ गणित बघा. बाईकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीडेक मीटरवर असतं. बाईक उभी असताना तिथून नुसतं खाली आलं तरी जमिनीला लागताना वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. उघडं डोकं डांबरावर थांबतं ते दोन-तीन मिलिमीटरमध्ये. थर्माकोल दोन-अडीच सेंटिमीटर दबला, तर थांबायला जवळपास दहापट अंतर मिळतं आणि मेंदूला बसणारा झटका त्याच हिशेबाने कमी होतो. "मी हळूच चालवते, मला कशाला" याचंही उत्तर यातच आलं. डोक्याची उंची तुमच्या स्पीडोमीटरला विचारत नाही.

पिचलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून हेल्मेट एका पडण्यापुरतंच. आणि डोकं आणि थर्माकोल यांच्यात बोटभर पोकळी असेल, तर डोकं आधी त्या पोकळीत वेग घेऊन मग आपटतं. मापाचा आग्रह मी एवढा धरतो तो यासाठी.

आता माप. शिंप्याची कापडी टेप घ्या. भुवयांच्या साधारण बोटभर वर, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. समजा ५७ सेंटिमीटर आला, तर हेल्मेटवर ५७० किंवा ५८० मिमी असं लिहिलेलं शोधायचं. एम, एल, एक्सएल या अक्षरांच्या नादी लागू नका. एका कंपनीचं ५८० मिमी म्हणजे एम असतं, दुसरीचं तेच एल असतं. ऑनलाइन मागवणाऱ्यांची निम्मी फसगत इथेच होते.

आकडा जुळला तरी काम संपत नाही, कारण डोक्याचे आकार वेगळे असतात. कुणाचं नारळासारखं गोल, कुणाचं पुढून मागे लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळावर एकच बिंदू टोचत राहतो आणि कानाच्या वर जागा रिकामी राहते. दुकानात घातल्याबरोबर हे कळत नाही. म्हणून घालून बसा. खरंच बसा, पंधरा-वीस मिनिटं. मी स्टूल देतो, चहा सांगतो (काच वर करून पिता येतो, फुल फेसमध्ये, म्हणजे हनुवटीही झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये, जरा कसरत होते). काढल्यावर कपाळावर लाल वण दिसला आणि तिथे ठणकत असेल, तर ते मॉडेल तुमचं नाही. मोठा साइज घेऊन हा प्रश्न सुटत नाही, मॉडेल बदलावं लागतं.

बरोबर मापाचं हेल्मेट पहिल्यांदा घट्टच वाटतं. दोन्ही गालांत एकेक पेढा धरल्यासारखं तोंड झालं पाहिजे. बोलताना गाल दाताखाली येतायत असं वाटलं तरी घाबरू नका, गालाचे पॅड पंधरा दिवसांत दबतात. पण डोक्याभोवतीचा भाग दाबला जाण्याची वाट बघू नका, तो फारसा सैल होत नाही. मग दोन परीक्षा. पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे फिरवा: कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर मोठं आहे. दुसरी परीक्षा दुकानदाराला करायला सांगा: मानेमागून हेल्मेटची कड धरून वर आणि पुढे ढकलायची. ते डोळ्यांवरून पुढे निघून आलं, तर रस्त्यावरही तसंच निघून जाईल. दोन साइजमध्ये अडलात तर लहान घ्या. नवीन चालवणारी दहातली सात माणसं एक साइज मोठं घेऊन जातात, कारण त्यांना ते "कम्फर्टेबल" वाटतं. माझ्याकडूनही सुरुवातीच्या वर्षांत अशी बरीच गेली. गिऱ्हाईक खूश, आपण खूश. आज त्याची लाज वाटते.

आता तुमचा स्कार्फ. पुण्यातल्या मुली तोंडाला जो स्कार्फ गुंडाळतात, दोन वेढे, मागे गाठ, वरून हेल्मेट, त्याने सगळं माप बिघडतं. एक तर स्कार्फवरून बसावं म्हणून मोठं हेल्मेट घेतलं जातं, किंवा बरोबर मापाचं वर चढून बसतं. शिवाय कापड गुळगुळीत असलं की हेल्मेट त्यावरून घसरतं, आणि मागची गाठ नेमकी कवटीच्या तळाशी टोचते. फुल फेस घेतलंत तर उन्हाचा आणि धुळीचा निम्मा प्रश्न काचच सोडवते. तरी हवं असेल तर पातळ, शिवण नसलेला बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी, डोळ्यांपुरती उघडी कापडी टोपी) घाला, दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. तो घालूनच माप घ्या, तो घालूनच हेल्मेट ट्राय करा. केसांना तेल लावत असाल तर तो हवाच, नाहीतर अस्तर तीन महिन्यांत खोबरेल पिऊन कडक होतं.

केसांचं तसंच. क्लचर, उंच पोनीटेल, अंबाडा यातलं काहीही हेल्मेटखाली चालत नाही. हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर तो प्लॅस्टिकचा क्लचर डोक्यातच घुसायचा. मानेजवळ सैल वेणी घाला आणि ती जॅकेटच्या आत टाका, नाहीतर वाऱ्याने हिंजवडीपर्यंत तिची दोरी होते. चष्म्यासाठी आधी हेल्मेट घाला, मग काच वर करून चष्मा सरकवा. काड्या सरळ असतील तर सोपं जातं, कानामागे खूप वळलेल्या अडकतात. काही मॉडेलमध्ये गालाच्या पॅडला चष्म्याच्या काडीसाठी खाच असते, विचारा. चष्मा घातल्यावर कानशिलावर दाब येतो का, तेही त्या वीस मिनिटांतच कळेल.

वडिलांचं म्हणणं घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ प्रमाणे दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट द्यायचं असतं. शोरूममधून मागून घ्या, हक्काचं आहे. पण तुमच्या डोक्याचं माप घेऊन ते कुणी दिलेलं नसतं आणि बहुतेक वेळा ते ओपन फेस निघतं. ते मागे बसणाऱ्यासाठी ठेवा. कायद्याच्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद नाही, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. तुम्ही स्वतः फुल फेस घ्या. जर्मनीतल्या अपघातग्रस्त हेल्मेटांवर डिट्मार ओटे यांनी केलेला अभ्यास या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो: मार कुठे कुठे लागला याच्या नकाशात सुमारे एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या भागात होता. ओपन फेसमध्ये तिथे काहीच नसतं. आणि ती कानाच्या वरच संपणारी टोपी, जी सिग्नलवर मामा दिसला की डोक्यावर चढते, तिच्याबद्दल मी लिहीतच नाही. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट घालून फिरणारेही मी पाहिलेत. त्यावर आयएस २९२५ लिहिलेलं असतं, ते वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे.

फ्लिप-अप, म्हणजे जबडा वर उचलता येतो ते, चष्मेवाल्यांना सोयीचं पडतं हे खरं. पण ते जड असतं, आणि तुमच्या बजेटमध्ये त्याच्या कुलपाचा दर्जा मला पटेल असा मिळत नाही. पाच-सहा हजारांच्या खाली मी ते सुचवत नाही.

इथे थोडं विषयांतर. हेल्मेटचा आग्रह पोलिसांनी नाही, एका मेंदूच्या डॉक्टरने सुरू केला. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये बाईकवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ते पुढे लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा मोजत बसले, १९४१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्या पुण्यात मात्र जानेवारी २०१९ मध्ये सक्ती सुरू झाली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला. त्या आठवड्यात माझा माल संपला होता. मोर्चातले दोघेजण नंतर हळूच येऊन घेऊन गेले.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भारतात रस्त्यावरच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का लागतोच; १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. मानक आहे आयएस ४१५१. शिक्क्याच्या वर हा आकडा आणि खाली सीएम/एल असं लिहून परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. दुकानदारासमोर टाका, बिनधास्त. फुटपाथवरच्या साडेतीनशेच्या हेल्मेटवरही आयएसआयचं स्टिकर असतं, पण त्यावर क्रमांक एकतर नसतो किंवा दुसऱ्याच कुणाचा निघतो. ते उलटं करून बोटाने दाबून बघा: पुष्कळदा आत थर्माकोलच नसतो, गादीवाल्याचा फोम असतो. फोम डोक्याला गुदगुल्या करेल, वाचवणार नाही.

युरोपचं मानक ईसीई. त्याची २२.०६ ही आवृत्ती आधीच्या २२.०५ पेक्षा कडक आहे: हेल्मेट तीन वेगवेगळ्या वेगांनी आपटतात, सगळ्यात जास्त सेकंदाला ८.२ मीटर, आणि तिरक्या माराने डोकं किती गरगरतं तेही तपासतात. तिरक्या माराची चाचणी महत्त्वाची, कारण रस्त्यावर डोकं सरळ कमी आणि घासत जास्त आपटतं. आयएसआय आणि ईसीई दोन्ही शिक्के असलेली हेल्मेटं आता आपल्याकडे चार-पाच हजारांच्या आसपास मिळतात, त्यासाठी परदेशी ब्रँडच लागतो असं नाही. फरिदाबादच्या स्टड्सचा एसएमके आहे, बेळगावच्या वेगाचा ॲक्सॉर आहे. अमेरिकेचं डीओटी मात्र स्टिकर म्हणून बघून सोडून द्या. तिथे कंपनी स्वतःच स्वतःला पास करते, आणि आपल्याकडे ते स्टिकर गठ्ठ्याने छापून मिळतं.

तर अडीच हजारांचं काय? त्या पैशात आयएसआयचं साधं, एकरंगी फुल फेस व्यवस्थित येतं आणि ते घेऊन तुम्ही चुकणार नाही. पण बायपासचा रोजचा रस्ता बघता मी सांगेन, शोरूमवाला बाईकसोबत जे सीट कव्हर, टाकीचं स्टिकर, जास्तीचे हॉर्न गळ्यात मारतो ते नको म्हणा आणि ते दीड-दोन हजार इकडे वळवा. त्याच मॉडेलमध्ये चित्रविचित्र ग्राफिक्सला तीनशे-पाचशे जास्त पडतात आणि डोक्याला त्याचा उपयोग शून्य. रंग फिकट घ्या. न्यूझीलंडमधल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा अपघाताचा धोका काळं घालणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळला होता. पांढरं मळतं, हे मान्य. मॅट काळं माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतं, हेही मान्य.

काच पारदर्शकच घ्या. धुरकट किंवा इंद्रधनुषी काचेने संध्याकाळी सातनंतर खड्डा आणि सावली एकच दिसतात. पावसाळ्यात काच आतून धुकट होणार, चष्मा त्याहून आधी. काचेवर पिनलॉकची आतली पातळ काच बसवायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर काचेला आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या मऊ कापडाने पुसून टाका, आठवडाभर तरतो. घेतानाच त्याच मॉडेलची एक जादा काच मिळते का, विचारून ठेवा. ओरखडे पडलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा दिवा पडला की चांदणं पसरतं आणि मॉडेल बंद झालं असेल तर काचेपायी अख्खं हेल्मेट बदलावं लागतं.

पट्ट्याबद्दल एकच सांगतो. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा आणि लावा. डबल डी कडीचा असो वा खटक्याचा, मला फरक पडत नाही. लोंबकळता पट्टा म्हणजे हेल्मेट आधी पडणार, तुम्ही मागून.

लोक विचारतात त्यातलं उरलेलं भराभर. केस गळतात का? केसाच्या मुळाला हवा नाही, रक्त लागतं. घामट, न धुतलेल्या अस्तराने मात्र कोंडा होतो. मान दुखते? पहिला आठवडा दुखेल, फुल फेस दीड किलोच्या आतबाहेर असतं. पण पुढेही दुखत राहिली तर बहुतेक साइज मोठा आहे आणि बायपासवरचा वारा हेल्मेट मागे खेचतोय. बाजूचं दिसत नाही? युरोपच्या मानकात नाकासमोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंश मोकळं असावं लागतं, म्हणजे कानाच्याही थोडं मागेपर्यंत.

अस्तर सुटं होणारं घ्या. महिन्यातून एकदा बेबी शाम्पूने हाताने धुवा, सावलीत वाळवा. जुलैमध्ये दोन दिवस लागतात, म्हणून शनिवारी सकाळी धुवायला काढा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर कवचाला लावू नका, प्लॅस्टिक आतल्या आत ठिसूळ होतं. आरशावर अडकवू नका. आरशाची कड थर्माकोलमध्ये रोज थोडी थोडी रुतते आणि वर्षभरात कानशिलाजवळ खड्डा पडतो. रिकामं हेल्मेट हातातून घरात पडलं तर फार घाबरायचं कारण नाही, डोकं आत असताना पडलं तर बदलायचं. बाकी पाचेक वर्षांनी, दिसायला ठीक असलं तरी. आत स्टिकरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. तीन वर्षं गोदामात पडलेला माल "डिस्काउंट" म्हणून देतात, तो बघून घ्या.

दुकानात शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, तुम्हाला वीस मिनिटं बसवून ठेवायला कुणाला वेळ नसतो. मधल्या वारी सकाळी जा. वेणी घालून, चष्मा आणि बालाक्लाव्हा बरोबर घेऊन. निदान तीन मॉडेल डोक्यावर चढवा. आणि दुकानदाराने टेप न काढताच "मॅडम, तुम्हाला एल बसेल" असं म्हटलं, तर थँक्यू म्हणून पुढच्या दुकानात.

वडिलांना सोबत आणा. मागे बसायचं झालं तर त्यांचंही माप घ्यावं लागेल.